सहाव्या दिवसाचा पाऊस

३ मार्च, मंगळवार

गिस्लँ कास्तेराने आज कप फेकला. भिंतीवर, कॉफीसकट! बोर्डोत याच्या हाताखाली वीस वर्षं काढली; या माणसाला चीजवरून भांडताना पुष्कळदा पाहिलं, भांडी फोडताना प्रथमच. प्रयोगशाळेचा प्रमुख, जूनमध्ये निवृत्त होणार — आणि डोळे भस्मासुराचे.

कारण नोल्वेन. त्याची शेवटची विद्यार्थिनी, बुटकी, हट्टी. दोघं मिळून संगणकात एक ग्रह पाळतात. तापलेला, हवेत निम्म्याहून अधिक वाफच. मॉडेलमध्ये कास्तेराच्या हातची एक ओळ आहे : वर चढणाऱ्या वाऱ्याने सेकंदाला तीस मीटर ओलांडायचे नाहीत. एकोणीस वर्षांपूर्वी मॉडेल सारखं कोसळायचं, म्हणून घातलेली. शेजारी शेरा — ‘तात्पुरतं’. त्या ओळीच्या कृपेने ग्रहावर रोज गुणी बाळासारखी रिमझिम, आणि त्यावरच्या निबंधासाठी कास्तेराला पदक.

नोल्वेनने ती ओळ खोडली. ग्रहावर पाच दिवस थेंब नाही. सहाव्या दिवशी आभाळ फाटलं.

“हे वादळ नाही, मॉडेल फुटलंय!”

“फुटलं असतं तर बंद पडलं असतं, गिस्लँ. हे कोसळतंय.”

“माझ्या नावावर थुंकतेस?”

“तुमच्या ओळीवर.”

मग कप.

५ मार्च, गुरुवार

नोल्वेनने मला ते वादळ दाखवलं. नको होतं दाखवायला! वाफेचे खांब खालून उसळतात, एकमेकांना गिळतात, वर आदळून फुटतात. ब्याऐंशी मीटर सेकंदाला. सहा तासांत पाच दिवसांचा पाऊस. प्रलयकाळचे संवर्तक मेघ लहानपणी शास्त्रीबुवांनी छडीच्या तालावर पाठ करून घेतले होते; आज पडद्यावर ओळखीचे निघाले. पाठ आपोआप ताठ झाली.

“खाली उष्णता कोंडते, वर गरम हवेचं झाकण,” ती म्हणाली. “पाच दिवस धुमसतं. मग झाकण उडतं.”

दहा एप्रिलला तिच्या प्रबंधाची परीक्षा. वादळ खोटं ठरलं तर चार वर्षं पाण्यात. पडताळा एकच : मॉडेल वेळेची जी पावलं टाकतं ती निम्मी करायची. हिशेबातलं खोटं वादळ विरतं, खरं टिकतं. पण त्याला मोठ्या संगणकाचे दुप्पट तास लागतात, आणि तिच्या वाट्याचे संपलेत.

६ मार्च

कास्तेराने स्वतःच्या वाट्याचे सगळे तास तिला दिले. दार लाथेने उघडून. “घे. फासाचा दोर माझ्याकडून.”

फास कुणाला, ते बोलला नाही.

११ मार्च, बुधवार

निम्म्या पावलांनी चाललेला ग्रह पाचव्या दिवशी. थेंब नाही. नोल्वेनने कपाटाला लाथ घातली — अंगठा टरारून सुजला, कपाट जसंच्या तसं. भोजनगृहात कास्तेरा तिच्या समोरच येऊन बसला. मुद्दाम!

“मुका आहे तुझा ग्रह.”

“तुमच्यावर गेलाय. फुटण्याआधी तुम्हीही असेच गप्प असता.”

त्याने सुरी पावात मुठीपर्यंत खुपसली. मी मसुराचं सूप पीत राहिलो. शांतिपाठ आठवत होता, पण म्हणायचा कुणासाठी?

१३ मार्च, शुक्रवार

सहावा दिवस. फुटलं!! चौऱ्याऐंशी मीटर. पावलं निम्मी, वादळ तसूभर कमी नाही — खांबांवर खांब, फोड, चिंधड्या, पडदाभर लाल. बाहेर लख्ख ऊन. नोल्वेन तिच्या ब्रेतॉन बोलीत शिव्या देत रडली. शिव्या कळल्या नाहीत. धातू मात्र सगळे सकर्मक असावेत.

कास्तेरा पडद्यासमोर उभाच. ओरडेल, काहीतरी फोडेल, म्हणून मी तिचा कप उचलून छातीशी धरला. तो म्हणाला, “एकोणीस वर्षं.” आणि कोट घेऊन गेला.

मला वाटलं, म्हातारा आज हरला.

१६ मार्च, सोमवार

नियतकालिकाने कास्तेराचं पत्र प्रसिद्ध केलं : ‘पदकाचा माझा निबंध मागे घ्यावा. नोल्वेनचं वादळ खरं आहे.’ पत्राखाली तारीख — ३ मार्च.

भिंतीवरची कॉफी तेव्हा वाळलीही नसेल.