पाटाखालचे बारा शब्द

प्रिय दिनेश,

सवयीने आधी 'चि.' लिहिलं, मग पेन थांबलं. सहा महिने झाले तुला जाऊन, तरी हाताला अजून कळत नाही. काल आपल्या दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन केलं. वर्ष झालं नाही, यंदा आणू नका, असं काहीजण म्हणाले, पण मी ऐकलं नाही. पाट धुऊन पडवीत वाळत ठेवलाय आणि त्याच्यासमोर बसून लिहितोय. तुला सांगितल्याशिवाय मला जेवण जायचं नाही. सापडलं रे सगळं!

मिठागराच्या जमिनीचे पैसे आले आणि तुझा वाटा तू फोनातल्या त्या क्रिप्टोत घातलास, तेव्हा मी देवळाच्या पारावर चार माणसांत तुला जुगारी म्हणालो. तू एवढंच बोललास, "बाबा, पूर्वा बारावी होईपर्यंत हात लावायचा न्हाय." तू मांडव्याच्या धक्क्यावर तिकिटं फाडणारा माणूस, तुला काय कळतंय, असं मला वाटायचं. उलट उत्तर का नाही दिलंस?

मग तो अपघात. तुझ्याबरोबर तुझा फोनही गेला. सुषमाला तू सांगून ठेवलं होतंस की बारा इंग्रजी शब्द आहेत, ते क्रमाने नव्या फोनात घातले की सगळं परत मिळतं. आणि घरातून कधीच टाकली जाणार नाही अशा वस्तूवर ते लिहिलेत. एवढं सांगितलंस, तर वस्तूचं नाव सांगायला काय तोंड दुखत होतं? सुषमाने, तुझ्या बायकोने, दागिन्यांचा डबा, रेशनकार्डाची पिशवी, तुझ्या आईच्या फोटोची चौकटसुद्धा उसकटून पाहिली.

पूर्वाला, तुझ्या लेकीला, नर्सिंगला जागा मिळाली आणि फीची तारीख जवळ आली. शेवटी नारळाची वाडी मुंबईच्या एका बंगलेवाल्याला द्यायचं ठरलं. सोमवारी विसार घ्यायचा होता. त्या वाडीतलं एकेक झाड तुझ्या आईने पाणी घालून वाढवलेलं, तुला माहीत आहे.

शुक्रवारी जेवताना सुषमा पूर्वाला ते बारा शब्दांचं पुन्हा सांगत होती आणि माझा घास तोंडातच राहिला. आषाढात, वर गणपती घडवायला आपला पाट पेणच्या कारखान्यात द्यायला मी माळ्यावरून काढला होता. त्याच्या खालच्या अंगाला खिळ्याने इंग्रजी अक्षरं कोरलेली. कुणाचा तरी चाळा समजून मी शिव्या घातल्या. तिथे शेकडो घरांचे पाट येतात, आपला आपल्याला मिळावा म्हणून दरवर्षी मी खाली माझं नाव रंगवतो. तसंच यंदाही लाल ऑइलपेंटने रंगवलं, नेमकं त्या अक्षरांवर!

हे सुषमाला सांगायला मला दुसरा दिवस उजाडला. लाज वाटत होती. ती चपला घालून निघालीच.

कारखान्यात गणपती पाटावर तयार, फक्त डोळ्यांची आखणी बाकी. आता पाट उलटा कसा करायचा? कारखानदार म्हणाला, "काका, आमी उचलून धरतो, तुमी खालनं बघा." दोघांनी धरला. सुषमा खाली वाकून, टॉर्च मारून वहीत लिहीत गेली. अकरा शब्द मिळाले. पाचवा माझ्या नावाखाली, रंगाच्या जाड थरात बुडालेला.

मग मी बसलो खाली. गुडघे कुरकुरले, पण बसलो. बोट फिरवलं तर रंगाखाली खाच लागत होती. पहिलं अक्षर पोट सुटलेलं, दुसरं गोल, असं मी सांगत होतो आणि ती लिहीत होती. चौथं झालं आणि ती तोंडावर ओढणी धरून हसायला लागली. सहा महिन्यांत पहिल्यांदा हसली रे! काय झालं, मी विचारलं.

"बाबा, डाँकी," ती म्हणाली. "म्हणजे गाढव."

ते शब्द मशीनच निवडून देतं म्हणे, तुझा त्यात काही दोष नाही. पण जन्मभर मी तुला ज्या नावाने हाक मारली, ते माझ्याच नावाखाली येऊन बसलं होतं.

घरी येऊन सुषमाने खोलीचं दार लावून घेतलं. मी बाहेर उभा, देवाचं नाव घेत. दार उघडून ती म्हणाली, "सगळं आहे, बाबा. उलट वाढलंय." मी पायरीवर बसून रडलो. लाज कसली? छातीवरचा धोंडा उतरला. सोमवारी बंगलेवाल्याला चहा पाजून परत पाठवला. वाडी राहिली, फीही भरून झाली. जुने शब्द चारचौघांनी पाहिले, म्हणून सुषमाने आता दुसरे बारा शब्द घेतलेत. ते कुठे ठेवलेत, मी विचारत नाही. मला मात्र सांगून ठेवलंय, पाट रंगवण्याआधी विचारायचं.

आज संध्याकाळी मी पारावर जाणार आहे. तीच चार माणसं असतील. माझा पोरगा जुगारी नव्हता, गाढव मी होतो, हे त्यांना मोठ्याने सांगेन. आणि पुढच्या वर्षी ह्या पाटावर माझं नाव रंगवणार नाही, तुझं रंगवीन. तुझी अक्षरं सोडून, बाजूला.

तुझा,
बाबा