साखरेवरचे थेंब

प्रज्ञाच्या आईस,
बंगळूरहून सप्रेम जयभीम.

मी हितं बरा हाय. गुडघा दुखत न्हाई, आपली प्रज्ञा लय जपती. फोन तिच्यासमोरच करावा लागतो, म्हणून हे पत्र.

काल तिच्या लग्नाचा वाढदिवस झाला. जावयानं सांगलीकडच्या द्राक्षांची फेसाळ वाईन आणली हुती. पोरीनं लांबड्या ग्लासात साखरेचा खडा टाकला आणि एका बारक्या बाटलीतनं त्यावर तपकिरी थेंब सोडले. मग जराशी ब्रँडी, वरनं वाईन. खड्यातनं बुडबुडे वर यायला लागले. त्या बाटलीला पार गळ्यापर्यंत कागद गुंडाळलेला. मी विचारलं तर म्हणती, "आप्पा, कडू अर्क हाय. ह्या कॉकटेलात घालत्यातच. प्या गुमान."

आता तूच सांग. कडू थेंब, आणि तेबी साखरेत लपवून? पाटणच्या स्टँडवर दारू सोडवायच्या औषधाची जाहिरात हाय, 'पिणाऱ्याला कळणारही नाही' म्हणून. ती तू लय वेळ वाचत हुतीस. आणि निघताना चिवड्याच्या डब्याखाली काय दिलं हुतंस, "पोरीलाच द्या, उघडू नका" म्हणून?

जावयाच्या ग्लासातबी थेंब पडले, मी बघितलं. पण माझ्या खड्यावर जास्ती पडले.

शेळीला पाला कोण आणतंय? तुझी बीपीची गोळी चुकवू नगंस.

आणखी एक. ती कडू चव माझ्या वळखीची निघाली. दिवाळीपासनं माझ्या सकाळच्या चहाला तीच चव हाय. तू समोर बसून बघत असतीस, म्हणून मी कप रिकामा करतोय.

मी घरी आल्यावर चहा तसाच दे. फकस्त साखर जरा वाढव.

घरच्या वाटेकडं डोळे लावून,
प्रज्ञाचे आप्पा