सत्काराआधी गुडघा

२६ जुलै, शनिवार
उजवा गुडघा पुन्हा. पळताना बाराव्या मिनिटाला — घड्याळ लावल्यासारखा. जिना आता मी खेकड्यासारखी आडवी उतरते. सासूबाईंनी पाहिलं. "पायात काय रुतलंय का?" म्हटलं, नवा व्यायाम आहे. संध्याकाळी त्याही तशाच उतरल्या!

२९ जुलै, मंगळवार
आष्ट्याच्या रस्त्याला फ्लेक्स लागलाय. माझा! काम आमच्या सासऱ्यांचं — आण्णा, रिटायर सुभेदार. 'साताऱ्याचा घाट एकवीस किलोमीटर पळणारी आपल्या गावची पहिली सून.' पळतानाचा फोटो नव्हता, म्हणून नणंदेच्या लग्नातला — नऊवारी, नथ. खाली शुभेच्छुकांचे अकरा चेहरे. त्यातला एकही स्टँडपर्यंत चालत जात नाही.

शर्यत सप्टेंबरात, सत्कार मात्र पंधरा ऑगस्टला, झेंड्यानंतर. विचारलं, पळण्याआधीच? आण्णा म्हणाले, "मागनं कोण येतंय ऐकायला? झेंड्याला गर्दी असती."

२ ऑगस्ट, शनिवार
उसाआड गेले की थांबते. विहिरीच्या कट्ट्यावर वीस मिनिटं बसते, तोंडावर पाणी मारते, घरी येते. आज शेजारची साळूबाई वैरणीला आलेली. "आवं वैनी, पळायचं बसून बी चालतंय व्हय?"

घरी आण्णांनी स्वतः चहा ठेवलेला. "लय घाम आलाय आज," म्हणाले, खुशीत.

६ ऑगस्ट, बुधवार
सासूबाईंनी काही न विचारता गुडघ्याला रुईचं पान गरम करून बांधलं. म्हणजे त्यांना कळलंय. आण्णांना नाही.

११ ऑगस्ट, सोमवार
शाळेतून अर्धी रजा काढून कराडला हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. कोपऱ्यात एक म्हातारा, डोळ्यांपर्यंत टॉवेल. बूट तेवढे आरशासारखे चकचकीत. असे बूट आमच्या घरातच असतात. आण्णा! पेन्शनच्या कामाला सांगलीला गेलेले आण्णा!

"तू हितं कशी?"
"गुडघा. तुम्ही?"
"सोबतीला आलोय."
"कुणाच्या?"
तेवढ्यात नर्सनं दारातून विचारलं, "गुडघा बदलायचे बाळासो कोण?"

मला तीन महिने पळणं बंद. त्यांचं ऑपरेशन दोन वर्षं टाळलेलं. एसटीत दोघंही खिडकीबाहेर बघत बसलो. पेठनाक्याला आण्णा हळूच म्हणाले, "गावात बोलू नगं. फौजी लंगडतोय म्हणतील. तू सत्कार घे, मग बघू."

मी मान हलवली. का हलवली? शाल घेऊन खोटं बोलायचं — तेही पोरांसमोर, ज्यांना मी वर्गात खरं बोलायला शिकवते. आणि नाही म्हटलं तर त्यांनी एवढ्या हौसेनं लावलेला फ्लेक्स उतरवायचा. दोन्हीतलं एकही जमणार नाही मला.

१४ ऑगस्ट, गुरुवार
भाषण लिहायला बसले. 'सन्माननीय व्यासपीठ' — पुढं काही सुचत नाही.

१५ ऑगस्ट, शुक्रवार
झेंडा झाला. माझं नाव पुकारलं. मी उठेपर्यंत आण्णांनी माईक घेतला होता. "ही पळणार न्हाई. गुडघा दुखतोय तिचा." मला वाटलं, झालं. त्यांनी माईक सोडला नाही. खाली आपल्या बुटांकडे बघितलं.

"माझाबी."