पोटगी मिळाली नाही, असे लिहून ठेवते

मी, शिवकांता भ्रतार महांतप्पा बिराजदार, वय अंदाजे पन्नास, धंदा डाळ भरडणे, राहणार मुरुम, तालुका उमरगा, जिल्हा उस्मानाबाद, पूर्ण शुद्धीवर राहून हे मृत्युपत्र सांगते आणि बाबूराव मास्तर लिहून घेतात. दम लागतो, पण डोकं ठिकाणावर आहे. कोणी धाक घातलेला नाही. धाक घालणारेही आता दमले.

नवऱ्याचं नाव वर आलं ते कायद्याला लागतं म्हणून. त्यानं दुसरी बायको आणली तेव्हा माझा सिद्धेश्वर सहा वर्षांचा होता. त्याला घेऊन मी बाहेर पडले.

१. पेठेमागचं दोन खणांचं घर मी भरडणीच्या कमाईतून घेतलं आहे. ते सिद्धेश्वरला देते. तो कळंबला शाळामास्तर आहे.

२. मोठं जातं शेजारीण नागूबाईला. खुंटा सैल झालाय, पाचर मारून घ्यावी. लहान जातं सून चंद्रप्रभाला. तिनं वापरलं नाही तरी चालेल, विकू मात्र नये.

३. पोस्टातले पैसे माझ्या मातीला लावावेत. उरले तर सिद्धूनं धड कोट शिवावा. साहेब तपासणीला येतात आणि हा फाटक्या कोपरानं उभा राहतो.

४. दीर मल्लिनाथ यानं माझ्या मातीला हात लावू नये. कारण सांगते. लेकराला दरमहा पंधरा रुपये पोटगी द्यावी, असा महांतप्पाला कोर्टाचा हुकूम झाला. एक दमडी आली नाही. मग त्याची बैलजोडी जप्त करायचा हुकूम निघाला. जप्तीचे लोक आले ते नेमके कारहुणवीला. आमच्या भागातला बैलांचा सण तो. शिंगं रंगवलेली, बायका आरती घेऊन दारात. महांतप्पा म्हणाला, "आज सणाचं दावं सोडू नका, उद्या घेऊन जावा." बैल दाखवायला मी सोबत गेले होते. त्या लोकांनी माझ्याकडं बघितलं. ओवाळलेला बैल दारातून ओढून कसा न्यायचा? मीच म्हणाले, "राहू द्या. उद्या या."

संध्याकाळी करी तोडायला, म्हणजे वेशीवरचं तोरण तोडायला, गावचे बैल पळवले. सगळ्यांचे घरी आले. ह्यांचे मल्लिनाथनं तसेच पुढं हाकले, ते थेट स्वतःच्या सासुरवाडीला. दुसऱ्या दिवशी गोठ्यात नुसतं शेण. लोक मला येडी म्हणाले. म्हणू देत. बैलांनी काय गुन्हा केला होता?

मग नुसत्या तारखा. उमरग्याला गेलं की त्या दिवसाची भरडण बुडायची, आणि तिथं सांगायचे, पुढच्या महिन्यात या. शेवटी वकील म्हणाले, वर्ष उलटलेली थकबाकी मागता येत नाही. मागची बुडाली. पुढची मागायला माझ्यात जीव राहिला नव्हता.

५. गेल्या महिन्यात मल्लिनाथ कागद घेऊन आला. दुसरीच्या लेकीची सोयरीक जमेना. पाहुणे विचारतात म्हणे, पहिल्या लेकराला उपाशी का ठेवलं? "वैनी, पोटगी सगळी पोचली म्हणून अंगठा उठवा. पोराच्या नावानं चार एकर करून देतो." मी अंगठा दिला नाही. सिद्धू, तू शेजारीच बसला होतास. म्हणालास, "अव्वा, देऊन टाक की. आता काय उरलंय त्यात?" लई लागलं मला ते. तुझा पगार केवढा, चंद्रप्रभाचे दिवस भरत आलेत, हे मला दिसतं. तरी लागलं.

मी मेल्यावर कोणीही म्हणेल, शिवकांताला सगळं मिळालं होतं. म्हणून जिवंतपणी साक्षीदारांसमोर सांगते : पोटगीपैकी एक पैसाही मला मिळालेला नाही. लेकरू मी भरडून वाढवलं.

६. मी गेले की तो कागद सिद्धूपुढं येणार. वारस म्हणून त्यानं त्यावर सही केली तर हे घर त्याला मिळू नये, अशी अट घाला, असं बाबूराव मास्तरांनी सुचवलं. मी नको म्हणाले. मास्तर, लिहा. सिद्धू, सही करू नकोस बाबा. केलीस तर मला फार वाईट वाटेल. पण घर तुझंच. आईबापानं लेकराला द्यायचं त्याला अट न्हाय घालत मी.

वरील मजकूर मला दोनदा वाचून दाखवला. माझ्या बोलण्याप्रमाणे आहे. खाली डाव्या हाताचा अंगठा.

शिवकांता भ्र. महांतप्पा बिराजदार (निशाणी अंगठा)

साक्षीदार :
ज्ञानोबा हिंमतराव जाधव, मुरुम (सही)
धुरपदाबाई भ्र. ज्ञानोबा जाधव, मुरुम (निशाणी अंगठा)

लिहिणार : बाबूराव नारायणराव कुलकर्णी, निवृत्त शिक्षक

मुरुम, ता. १४ नोव्हेंबर १९६८