‘समजते’पुढची बरोबरची खूण

बाबा,

तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि मी आता पत्र लिहायला बसलेय, तेही ऑफिसच्या कागदावर. माझं काम ऐकून तुम्ही हसला असता. कोलशेतच्या ऑफिसात बसून मी शाळेतल्या मुलांसाठीच्या विज्ञानाच्या पुस्तिका तपासते. माहिती बरोबर आहे का, चित्रं ठीक आहेत का, आणि शेवटचा रकाना, ‘वाचकाला समजते का?’ त्यापुढे बरोबरची खूण करते. वाचकाला न विचारता. इतकी वर्षं.

मागच्या आठवड्यात मीच पास केलेली एक पुस्तिका घेऊन खडवलीच्या शाळेत गेले, छापण्याआधी मुलांकडून वाचून घ्यावी म्हणून. पाचवीतल्या एका मुलीने बाष्पीभवनाचं पान खडाखडा वाचलं. मी म्हटलं, “आता तुझ्या शब्दांत सांग.” तिने मान खाली घातली. “मॅडम, मला नाय येणार. मी ढ आहे.” रेणू आणि गतिज ऊर्जा कोंबलेलं वाक्य माझ्या नजरेखालून गेलेलं, आणि ढ ती! मला स्वतःचाच संताप आला. “बरं, दोरीवरचे कपडे सुकतात, तेव्हा पाणी कुठे जातं?” “हवेत,” ती लगेच म्हणाली, “ऊन असलं की पटापट.”

तिथेच मला मोहने गावातलं आपलं स्वयंपाकघर आठवलं. आई भाकऱ्या थापतेय, मी सातवीचं पुस्तक मांडीवर घेऊन घोकतेय. तुम्ही ड्युटीवरून आलेले, हातात चहाचा कप. “बाष्पीभवन म्हणजे काय गं?” तुम्ही विचारता. मी वरही न बघता म्हणते, “तुम्हाला नाही कळायचं ते.” तुम्ही “बरं” म्हणता आणि कप घेऊन दाराबाहेर जाऊन बसता. पुन्हा कधी माझ्या पुस्तकाबद्दल विचारलं नाहीत. सगळी नोकरी कारखान्यात ओलं सूत सुकवायच्या खात्यात गेली तुमची, बाबा.

साहेब म्हणतात, “अहो, फाईल प्रेसला चाललीय, आता कशाला घोळ घालताय?” उद्या मी ती खूण खोडणार आहे. भीती वाटतेय, खोटं कशाला बोलू. हे पत्र कुठे टाकणार, त्याच फायलीत राहील. पण एक सांगायचं राहिलंय. त्या दिवशी तुम्ही आणखी एकदा विचारलं असतंत, तर माझी पंचाईत झाली असती. मला ते पाठ होतं, बाबा. कळलं नव्हतं.