भरलेली डिस्क

३ मार्च

चि. खटपट्यास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू सांगतोस ते तेवढ्यापुरतं समजतं आणि फोन ठेवला की डोकं कोरं, म्हणून पत्र लिहिते आहे. उत्तरही कागदावरच दे, म्हणजे समोर ठेवून एकेक करीन.

घरचा संगणक बिघडलाय. यांचा एक फोटो छापायला पेनड्राइव्ह फोटोवाल्याकडे दिला होता. तो परत आणून लावला, तेव्हापासून सगळ्या फोल्डरांच्या जागी बाणाची चिन्हं दिसतात आणि दाबलं तर काहीच उघडत नाही. फोटोवाला म्हणाला व्हायरस आहे, अँटीव्हायरस टाका. टाकायला गेले तर जागा नाही म्हणून नकार. अख्खी डिस्क बत्तीस जीबीची, त्यात एक जीबीसुद्धा धड रिकामी नाही.

जागा कशाने भरली ते तुला ठाऊक आहे. यांचा विसराळूपणा वाढला तेव्हा डॉक्टरांनी सुचवलं होतं, की दिवसभरात काय झालं ते रोज संध्याकाळी स्वतःच्या आवाजात बोलून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऐका. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, खोलीचं दार लावून बोलायचे, कानाला हेडफोन लावून ऐकायचे, दोन वर्षांत एक दिवस चुकला नाही. आता तीन दिवस झाले, ऐकायला काही नाही. चहाचा कप घेऊन संगणकासमोर बसतात आणि माझ्याकडे बघतात. काल काय झालं ते मी तोंडी सांगते, पण परक्याचं ऐकावं तसं ऐकतात.

लवकर लिही. पोरींना पापा. माया आहेच, ती कागदावरही येऊ दे.

तुझी,
ताई


९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

घाबरू नकोस. हा व्हायरस फायली खात नाही, नुसता लपवतो. भाऊजींच्या नोंदी आत शाबूत असणार.

आधी संगणकाबरोबर आलेला जुना अँटीव्हायरस काढून टाक. त्याची मुदत कधीच संपली आहे. राखण करत नाही आणि सव्वा जीबी अडवून बसलाय, आमच्या इस्पितळातल्या जुन्या हेडक्लार्कसारखा. मग नवा घे. सतरा सोयींचा, भारी नको. सोबतच्या चिठ्ठीवर नाव लिहिलंय तो हलका आहे. त्याची व्हायरसांची यादी कंपनीच्या संगणकावर असते, तुझ्याकडे फक्त पहारेकरी राहतो, म्हणून दीडशे एमबीत भागतं. तपासणी चालू असताना इंटरनेट मात्र सुरू ठेव. उतरवून घेताना त्या कंपनीच्याच पानावरून घे, वाटेत ‘मोफत’ म्हणून चमकणाऱ्या बटणांना हात लावू नकोस. आणि दोन अँटीव्हायरस एकत्र कधी ठेवायचे नाहीत, एकमेकांवरच भुंकत बसतात. शेवटी लपलेल्या फायली दाखवायची खूण कुठे करायची, त्याचं चित्र मागच्या बाजूला काढलंय.

एक सुचवतो, रागावू नकोस. भाऊजींना सकाळी लागते ती कालची नोंद. दोन वर्षांपूर्वीच्या मंगळवारी कोणाच्या घड्याळाचा काटा अडकला होता ते ठेवून काय करायचं? जुन्या नोंदी पुसल्यास तर मशीन पळेल.

भाऊजींना नमस्कार. लोभ आहे तसाच राहू दे.

तुझा,
खटपट्या


१७ मार्च

चि. खटपट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र टेबलावर वजनाखाली ठेवून सगळं केलं. तपासणी दोन तास चालली, अकरा ठिकाणी घाण सापडली. फोल्डर परत दिसले तेव्हा मी खुर्चीतच रडले.

मग तू म्हणालास तशी जुन्या नोंदी पुसायला बसले. न ऐकता कसं पुसायचं, म्हणून हे झोपले असताना दुपारी ऐकत गेले. गेल्या वर्षीच्या एका नोंदीत हे म्हणतात, आज दुकानातून निघालो आणि घराचा रस्ता सापडला नाही. टपाल कचेरीच्या पायरीवर दोन तास बसलो. शेवटी एका गिऱ्हाइकाने आणून सोडलं. हिला सांगितलंय की बँकेतलं मोठं घड्याळ बघायला गेलो होतो. हिला कळू द्यायचं नाही. तो दिवस मला आठवतो रे. जेवण गार झालं म्हणून मी यांना नाही नाही ते बोलले होते.

आणि जवळजवळ प्रत्येक नोंदीच्या शेवटी स्वतःलाच बजावलेलं एकच वाक्य आहे: हिचे गुडघे दुखतात, उद्या उठल्यावर पिण्याचं पाणी खालून तू भरून आण. मला दोन वर्षं वाटत होतं, बाकी सगळं विसरले तरी एवढं यांना आपोआप आठवतं.

एकही पुसली नाही. पुसणारही नाही.

तुझी,
ताई


२२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पुसायचं सुचवलं ही माझी चूक झाली. रोज वीस संगणक साफ करतो, हात तसाच चालतो. त्या फोल्डरला आता हात लावू नकोस. सहा एप्रिलच्या रविवारी मोठी डिस्क घेऊन येतो आणि सगळं तिच्यावर उतरवून ठेवतो. भाऊजींनी पुन्हा बोलून ठेवायला सुरुवात केली का, तेवढं कळव.

तुझा,
खटपट्या


२९ मार्च

चि. खटपट्यास,
अनेक आशीर्वाद.

नाही रे, सुरुवात केली नाही. मधले ते दिवस कोरडे गेले आणि धागा तुटला. संध्याकाळी माइकसमोर बसवते, तर काय बोलायचं असं मलाच विचारतात. कधी दिवसाचा वार सांगतात आणि थांबतात. मी जुनीच एखादी नोंद सकाळी लावते.

शुक्रवारी लावली, तर अगदी शेवटपर्यंत लक्ष देऊन ऐकली. मग मला म्हणाले, “हा माणूस बायकोची फार काळजी करतो. ती बरी आहे ना?” मी म्हटलं, बरी आहे. त्यांना बरं वाटलं. उद्याही लावा म्हणाले. मला अहो-जाहो करतात आता.

डॉक्टरांना दाखवून आणलं. ते म्हणाले, आता असंच उतरत जाणार. औषध तेच ठेवलंय.

तू ये, नक्की ये. पण दारात भाऊजी म्हणून हाक मारू नकोस. कोण, कुठला हे आठवत नाही म्हणून ओशाळतात, दिवसभर खाली मान घालून बसतात. यंत्रं दुरुस्त करणारा आहे एवढंच सांग. कारागीर आला की हे अजून स्वतः उठून खुर्ची देतात.

वाट पाहते.

तुझी,
ताई