पायावर पाय नाही

प्रिय सीफसदादा,

प्रभूच्या कृपेने इकडे सर्व क्षेम. तुझा गुडघा, वहिनींचा खोकला आणि तुझा हट्ट, तिघांची प्रकृती कळव. तिकडे सॅव्हाना शहरात बसून तू जे ऐकलंस ते निम्मं खोटं आहे. तुझी बहीण पोलिसाशी भांडली नाही. तो बागखात्याचा माणूस होता.

नदीकाठी आपल्या गुलाम पूर्वजांची लोखंडी शिल्पं उभारलीत, पायाशी नावं कोरून. आपली बायना पणजी तिसऱ्या ओळीत आहे. तिच्याजवळ आम्ही चर्चमधल्या नऊ म्हाताऱ्या दर शनिवारी सकाळी खुर्च्या मांडून हलकी योगासनं करतो. (पाद्रीबाबांची परवानगी आहे. म्हणजे, ते नाही म्हणायला वेळेत उठले नाहीत.) शिकवणारी शनीस, आमच्यातल्याच ऑथलीनची नात, पहिल्याच दिवशी म्हणाली, मांडी घाला. कोणी हललं नाही. पूर्वजांसमोर पायावर पाय? टाळ्यांवर गोल फिरायच्या आपल्या प्रार्थनेच्या फेरात एक पाय दुसऱ्यावरून ओलांडला की तो नाच, आणि नाच म्हणजे पाप, हे आईने आपल्याला चालता येण्याआधी शिकवलंय. शेवटी पोरीनेच हात टेकले. एक पाय दुसऱ्यावर टेकून उभं राहायचं आसनही बाद झालं. उरली ती चार-पाच, पण तेवढ्यावर माझी कंबर सुधारली.

गेल्या शनिवारी हात वर करताना माझ्या तोंडून बायनाचं नाव निघालं. ऑथलीनने तिच्या पणजोबांचं घेतलं. मग टाळी आली, आणि टाळी आली की पाय थांबतात होय? खुर्च्यांभोवती फेर सुरू झाला. समोरच्या नव्या बंगल्यातून तक्रार गेली आणि हा माणूस कागद घेऊन हजर. "आजी, इथे व्यायाम चालतो, नाच नाही. पुन्हा दिसलात तर मागे गाड्या उभ्या करायच्या तळावर जावं लागेल."

"बाळा, माझे पाय ओलांडले?"

"नाही, पण..."

"मग नाच कसला? जा, तुझ्या आजीला विचार! आणि ऐक, या लोखंडी माणसांना एकदा न विचारता समुद्रापार हलवलं होतं. आता आम्हाला कोणी हलवायचं नाही."

आम्ही नऊजणी ठाण मांडून बसलो. तो बिचारा अर्धा तास उन्हात उभा. शनीसने त्याला खांदे सैल सोड म्हटलं, तर सोडलेसुद्धा. (मी हसले नाही. ऑथलीन हसली.)

वहिनींना भेंडीचं बी पाठवते आहे.

तुझी धाकटी,
रोझाली

ता. क. येत्या शनिवारी त्यांचे मोठे साहेब स्वतः बघायला येणार आहेत, व्यायाम आहे की नाच. जागा राहते की जाते, ते त्याच दिवशी ठरेल.

ता. क. दुसरा. आई गेल्यापासून तू झाडूचा दांडा ठोकून ताल धरला नाहीस, ठाऊक आहे मला. या शनिवारी दांडा घेऊन ये. नुसत्या टाळीवर आमचा ताल सुटतो. खरं सांगते दादा, त्या दिवशी माझा पाय ओलांडला होता. त्या माणसाला दिसलं नाही. बायनाला दिसलं असणार.